शब्दखेळांतून शब्दसंपत्ती आणि बोलणे सुधारण्याची क्रमवार रीत

‘नाव-गाव-फळ-फूल’ खेळणाऱ्या मुलाला ‘क’ हे अक्षर दिले की कागदावर कमल, कोल्हापूर, कलिंगड आणि कण्हेर उतरतात. पुढच्या रविवारी पुन्हा ‘क’ निघाला तरी हेच चार शब्द येतात, फक्त आधीपेक्षा लवकर. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत सुट्टीच्या दिवशी मुलांना एकत्र बसवून असे खेळ घेतले जातात, तास-दीड तास मजेत जातो, गुण मोजले जातात; पण महिन्याभराने मुलाच्या बोलण्यात एखादा नवा शब्द आला आहे का, असे पाहिले तर तो सहसा सापडत नाही. खेळ स्वतःहून नवे शब्द देत नाही, तो डोक्यात असलेले शब्द बाहेर काढतो. म्हणून शब्द आधी गोळा करावे लागतात, नंतर खेळात वापरावे लागतात, मग पूर्ण वाक्यात दुसऱ्या माणसाला सांगावे लागतात आणि काही दिवसांनी पुन्हा समोर आणावे लागतात. यांपैकी पहिले आणि शेवटचे काम बहुतेक घरांत होतच नाही, आणि सगळी गडबड तिथेच होते.

पुढील रीत साधारण ८ ते १४ वर्षांच्या, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या पण घरी मराठी ऐकणाऱ्या मुलांसाठी आहे. नोकरीनिमित्त पुण्यात आलेल्या आणि मराठी शिकू पाहणाऱ्या प्रौढांनाही ती जशीच्या तशी लागू पडते. खेळाडू ४ ते ६ असावेत. त्याहून जास्त झाले तर दोन गट करावेत, कारण आपली पाळी येण्यासाठी फार वेळ थांबावे लागले की मुले ऐकणे सोडून देतात, आणि या सगळ्या खेळांत ऐकण्याचे काम बोलण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

टप्पा १ : खेळाच्या आधी शब्द गोळा करणे

एका आठवड्यासाठी एकच क्षेत्र निवडावे आणि त्यातले दहा शब्द घ्यावेत. स्वयंपाकघर, मंडई, पाऊस, शरीर, घराचे भाग, प्रवास असे कोणतेही क्षेत्र चालते. ‘रोज एक कठीण शब्द’ ही पद्धत टाळावी. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द एकमेकांची आठवण करून देत नाहीत, तर एकाच क्षेत्रातले शब्द एकाला ओढले की दुसरा येतो असे असतात.

शब्द कुठून आणायचे हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. मुलाला घेऊन महात्मा फुले मंडईत अर्धा तास फिरलात तर आठवड्याचे दहा शब्द सहज हाती लागतात. कोथिंबिरीची जुडी असते, कोबीचा गड्डा असतो, केळ्यांची फणी असते, द्राक्षांचा घड असतो, लसणाची पाकळी असते, मक्याचे कणीस असते आणि उसाची मोळी असते. इंग्रजीतून विचार करणारे मूल या सगळ्यांना ‘एक पीस’ किंवा ‘एक बंच’ म्हणते. भेंडी कोवळी आहे की जून, काकडी कडू निघेल का, वांगे किडके आहे का, चिंच गाभुळलेली आहे का, हे विक्रेत्याला विचारायला लावावे. शब्द ऐकणे, तो वस्तूवर बसवणे आणि लगेच बोलून पाहणे अशी तिन्ही कामे तिथे एकदमच होतात. मंडईपर्यंत जाणे जमत नसेल तर घराजवळचा भाजीवाला पुरे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याइतका चांगला स्रोत दुसरा नाही, मात्र त्यांना ‘जुने शब्द सांगा’ असे म्हणू नये. त्यांच्याबरोबर एखादे काम करावे आणि कामाच्या ओघात आलेले शब्द टिपावेत. बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात; स्वतःच्या इयत्तेपेक्षा एक-दोन इयत्ता खालचे पुस्तक घेतल्यास शब्द झेपतात.

प्रत्येक शब्दासाठी एक कार्ड करावे. अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट मिळते. त्याचे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे कापून घ्यावेत. पुढच्या बाजूला शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा. मागच्या बाजूला तीन गोष्टी लिहाव्यात : शब्द ‘तो’ आहे, ‘ती’ आहे की ‘ते’ आणि त्याचे अनेकवचन, त्या शब्दाबरोबर येणारे क्रियापद, आणि मुलाने स्वतः केलेले एक वाक्य. ‘जुडी’च्या कार्डावर ‘ती जुडी – जुड्या’, ‘निवडणे, सोडणे’ आणि ‘आईने मेथीची जुडी निवडली’ एवढे आले की काम झाले.

सावधान : कार्डावर इंग्रजी अर्थ लिहू नये. तो लिहिला की मूल इंग्रजी शब्द पाठ करते आणि मराठी शब्दाकडे पाहतही नाही. अर्थ कळत नसेल तर चित्र काढावे किंवा वस्तू दाखवावी.

सावधान : कार्ड मोठ्या माणसाने सुंदर अक्षरात लिहून देऊ नये. वाक्य वेडेवाकडे असले तरी ते मुलाचेच असावे. फक्त लिंग आणि शुद्धलेखन आपण तपासून द्यावे.

टप्पा २ : नियम आधी ठरवून लिहून ठेवणे

निम्मी भांडणे नियम न ठरवल्यामुळे होतात आणि त्यातच खेळाचा वेळ जातो. चार नियम आधीच ठरवावेत.

पहिला, अक्षराचा. भेंड्या खेळताना शब्दाच्या शेवटच्या अक्षरातले फक्त व्यंजन घ्यावे, काना-मात्रा सोडून द्यावी. ‘रस्ता’नंतर ‘त’, ‘यात्रा’नंतर ‘र’, ‘पुस्तक’नंतर ‘क’. ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी नेहमीच्या वापरातला मराठी शब्द सुरू होत नाही, पण या अक्षरांनी संपणारे शब्द मात्र ढीगभर आहेत. म्हणून ‘ळ’ आला की ‘ल’ आणि ‘ण’ आला की ‘न’ घ्यावा. हे आधी ठरवले नाही तर हुशार मूल बाकीचे शब्द सोडून फळ, बाळ, कारण असे ‘ळ’ किंवा ‘ण’ने संपणारेच शब्द निवडते आणि समोरच्याला अडकवते.

दुसरा, शब्दप्रकाराचा. पहिल्या महिन्यात फक्त नामे घ्यावीत आणि तीही मूळ रूपात. ‘झाडाला’, ‘घरात’ अशी रूपे चालणार नाहीत. क्रियापदे भेंड्यांत घेऊच नयेत, कारण प्रत्येक क्रियापद ‘णे’ने संपते आणि सगळा खेळ ‘न’वर येऊन तुंबतो. क्रियापदांसाठी पुढे वेगळा खेळ आहे.

तिसरा, परक्या शब्दांचा. टेबल, बस, पेन हे शब्द मराठीत मुरलेले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या गोष्टीला घरात रोज मराठी शब्द वापरला जातो तिथे इंग्रजी शब्द चालणार नाही : ‘स्पून’ नाही, ‘चमचा’, ‘विंडो’ नाही, ‘खिडकी’. शुद्धतेच्या हट्टापायी रेल्वेऐवजी ‘अग्निरथ’ वगैरे शब्द मुलांच्या तोंडी घालणाऱ्यांनी हा उद्योग करू नये. तो शब्द मूल रिक्षावाल्यासमोर कधीच वापरणार नाही.

चौथा, निवाड्याचा. शब्द आहे की नाही याबद्दल वाद झाला तर निर्णय शब्दकोशाने व्हावा, मोठ्या आवाजाने नव्हे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मोल्सवर्थांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे, त्यामुळे त्यात शब्द सापडला म्हणजे तो आज बोलण्यात आहे असे होत नाही, हे लक्षात ठेवावे. कोशात आहे पण खेळणाऱ्यांपैकी कोणीच ऐकलेला नाही, अशा शब्दाला गुण द्यावा, कार्ड मात्र करू नये.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. पुण्यात आज वेगवेगळ्या भागांतून आलेली कुटुंबे एकाच मजल्यावर राहतात. एखाद्याच्या घरी पोळीला चपाती म्हणतात, नागपूरकडच्या घरी कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे शब्द चूक ठरवू नयेत. दोन्ही शब्द एकाच कार्डावर लिहावेत. ज्या मुलाच्या आजीचा शब्द हसण्यावारी नेला जातो ते मूल पुढच्या रविवारी तोंड उघडत नाही.

पडताळणी : खेळ सुरू करण्यापूर्वी नियमांचा कागद सर्वांना दिसेल असा ठेवला आहे का? दोन्ही गटांत चांगले बोलणारे आणि कमी बोलणारे असे मिसळलेले खेळाडू आहेत का? वेळ २० मिनिटांपेक्षा जास्त ठरवलेला नाही ना?

टप्पा ३ : भेंड्या, पण वाक्यासह

हा तयारीचा खेळ आहे, त्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. नेहमीच्या भेंड्यांत एवढाच बदल करावा की नुसत्या शब्दाला १ गुण, आठवड्याच्या कार्डांपैकी शब्द असेल तर २ गुण, आणि तो शब्द लिंग दाखवणाऱ्या विशेषणासह वाक्यात वापरला तर ३ गुण मिळतील. विशेषण बदलणारे असावे : मोठा-मोठी-मोठे, ओला-ओली-ओले, जाडा-जाडी-जाडे. ‘सुंदर’, ‘लाल’, ‘छान’ ही विशेषणे तिन्ही लिंगांत तशीच राहतात, त्यामुळे मुलाला लिंग माहीत आहे की नाही ते कळत नाही. ती या फेरीत चालणार नाहीत. ‘ओली मोळी’ असे म्हणणाऱ्या मुलाला शब्द येतो. ‘ओला मोळी’ म्हणणाऱ्याने तो नुसता ऐकलेला आहे.

गुण देताना घाईला काही किंमत देऊ नये. घड्याळ लावून पाच सेकंदांची मर्यादा घालणे ही या खेळातली सर्वांत मोठी चूक आहे. घाई झाली की डोके जुनाच, पाठ असलेला शब्द पुढे करते आणि आठवडाभर गोळा केलेली कार्डे तशीच पडून राहतात. अर्धा मिनिट द्यावा. तेवढ्या वेळात आठवले नाही तर पाळी पुढे जावी, बाद कोणीही होऊ नये. बाद झालेले मूल मोबाइल उघडते, आणि बहुतेक वेळा सरावाची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते.

टप्पा ४ : अक्षरपट्ट्या

इंग्रजीतला अक्षरे जुळवण्याचा खेळ मराठीत आणताना लोक काना, मात्रा, वेलांटी यांच्याही वेगळ्या पट्ट्या करतात आणि मग खेळ चालतच नाही. सोपी रीत अशी : पट्ट्या फक्त व्यंजनांच्या आणि थोड्या स्वरांच्या कराव्यात, काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार खेळाडूने आपल्या मनाने लावायचे, जोडाक्षरही करायचे. क, त, न, प, म, र, ल, व, स यांच्या प्रत्येकी ४ पट्ट्या; ग, च, ज, ट, ड, ण, द, ब, य, श, ह, ळ यांच्या प्रत्येकी २; ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ष यांची प्रत्येकी १; आणि अ, आ, इ, उ, ए, ओ हे स्वर एकेकदा. एकूण ७७ पट्ट्या होतात आणि त्या दोन कार्डशीटमध्ये बसतात. ‘इ’ आणि ‘उ’ गरजेप्रमाणे दीर्घही वाचावेत. ‘ङ’ आणि ‘ञ’ करूच नयेत.

पहिल्या दिवशी पूर्ण संच बाहेर काढू नये. फक्त ‘म’ आणि ‘ळ’ या दोन पट्ट्या टेबलावर ठेवाव्यात आणि या क्रमाने किती शब्द होतात ते सर्वांनी मिळून शोधावे. मळ, मळा, माळ, माळा, माळी, मूळ, मुळा, मेळ, मेळा, मोळी असे दहा शब्द निघतात. मग एकेक शब्द हातात घेऊन बोलावे. माळ गळ्यातली असते तेव्हा ती ‘ती माळ’, आणि गावाबाहेरची उजाड उंच जमीन असते तेव्हा ‘तो माळ’. माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, ‘तो माळा’. पण गळ्यातल्या दोन असल्या तर त्याही माळाच. मळा शेतकऱ्याचा, मुळा कोशिंबिरीचा, मेळा कुंभाचा. मूल इथे आपसूक पाहते की एका कान्याने किंवा मात्रेने संपूर्ण गोष्ट बदलते, आणि शुद्धलेखन कंटाळवाणे का वाटू नये हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

याच दहा शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाचे दोन नियमही दाखवता येतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहितात : माळी, मोळी. आणि ‘मूळ’मधला ‘मू’ दीर्घ असला तरी प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो : मूळ, पण मुळाला; तसेच फूल – फुलाला, वीट – विटेला. गुण, सुख, हित असे संस्कृतातून आलेले शब्द या दुसऱ्या नियमात बसत नाहीत, हे विचारले गेले तरच सांगावे. एका बैठकीत याहून जास्त व्याकरण आणू नये.

दुसऱ्या बैठकीपासून प्रत्येकाने ७ पट्ट्या उचलून पाळीपाळीने शब्द मांडावा. लांब शब्दाला जास्त गुण ही पद्धत ठेवली की मुले प्रत्यय जोडून शब्द ओढत बसतात, म्हणून गुण लांबीवर न ठेवता अर्थ सांगण्यावर ठेवावेत : मांडलेल्या शब्दाचा अर्थ सांगता आला तरच गुण.

पडताळणी : मांडलेल्या शब्दांपैकी निदान दोन शब्द कोणाला तरी नवीन होते का? नसतील तर खेळाडूंची पातळी सारखी आहे आणि पुढच्या वेळी एखादे मोठे माणूस खेळायला बसवावे.

टप्पा ५ : ‘करणे’वर बंदी

माझ्या मते पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी हा सर्वांत उपयोगी खेळ आहे, आणि घरोघरी हाच खेळला जात नाही. या मुलांना नामे बऱ्यापैकी येतात. हरवलेली असतात ती क्रियापदे. कांदा ‘कट करतात’, बटाटा ‘पील करतात’, कपडे ‘वॉश करतात’, दिवा ‘ऑन करतात’ आणि मित्रासाठी ‘वेट करतात’. एका ‘करणे’ने सगळे भागते, त्यामुळे दुसऱ्या क्रियापदाची गरजच पडत नाही.

खेळ असा : एकाने नामाचे कार्ड उचलायचे आणि त्या वस्तूचे काय-काय करतात ते सांगायचे, ‘करणे’ न वापरता. नारळ सोलतात, फोडतात, खवतात. कांदा सोलतात, चिरतात, परततात. तांदूळ निवडतात, धुतात, वैरतात. शेंगदाणे भाजतात, सोलतात, कुटतात. ताक घुसळतात, वरण घोटतात, पोळी लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात, मोदकाला कळ्या पाडतात. प्रत्येक योग्य क्रियापदाला १ गुण, आणि सांगितलेली कृती हाताने करून दाखवली तर आणखी १. ‘थापणे’ आणि ‘लाटणे’ यांतला फरक पिठाच्या गोळ्यावर हात ठेवल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून हा खेळ शक्यतो ओट्याशेजारीच खेळावा.

दोन-तीन बैठकींनंतर एक संपूर्ण पदार्थ सांगायला लावावा. पुरणपोळी घेतली तर डाळ शिजवणे, पाणी काढून घेणे, गूळ घालून आटवणे, पुरण वाटणे, उंडा भरणे, पोळी लाटणे आणि भाजणे हा क्रम बिनचूक आला पाहिजे. क्रम सांगणे हे संवादातले एक मोठे कौशल्य आहे आणि ‘आधी’, ‘मग’, ‘तोवर’, ‘एवढे झाल्यावर’ हे जोडणारे शब्द त्यातूनच अंगवळणी पडतात. (‘कट’ हा शब्द या फेरीत एकाच कारणासाठी चालेल : कटाच्या आमटीसाठी.)

मोठी मुले असतील तर खेळ उलटा करावा : एक क्रियापद द्यायचे आणि ते कशाकशाबरोबर येते ते शोधायचे. ‘काढणे’ घेतले तर चित्र, रांगोळी, केर, आठवण, खोड, कर्ज, झोप आणि दिवस असे सगळे त्याच्याबरोबर येतात. ‘लावणे’ घेतले तर दार, दिवा, कुलूप, फोन, औषध, रांग आणि सवय. या जोड्या शब्दकोश पाठ करून येत नाहीत, बोलूनच येतात.

सावधान : बंदीचा अतिरेक करू नये. मदत करणे, विचार करणे, स्वयंपाक करणे, अभ्यास करणे ही अस्सल मराठी आहेत. इंग्रजी शब्दाला ‘करणे’ चिकटवलेले असेल तेवढेच अडवावे.

टप्पा ६ : ऐकणाऱ्याला समजेल असे बोलणे

इथपर्यंत शब्द आणि वाक्य झाले. आता ते दुसऱ्याच्या डोक्यात पोचवायचे आहे. त्यासाठी दोन खेळ पुरे.

पहिला वर्ज्य शब्दांचा. कार्डावर एक शब्द आणि त्याखाली न वापरायचे तीन शब्द लिहावेत. उदाहरणार्थ ‘छत्री’, आणि वर्ज्य : पाऊस, भिजणे, पावसाळा. सांगणाऱ्याने दोन्ही हातांनी कार्ड धरावे, म्हणजे हातवारे होत नाहीत. बहुतेक मुले ‘ते नाही का, ते असतं ना, आपण ते…’ अशी सुरुवात करतात आणि गुंततात. त्यांना तीन वाक्यांचा साचा द्यावा : ही कोणत्या प्रकारची गोष्ट आहे, तिचा उपयोग काय, आणि तिच्यासारख्या दुसऱ्या गोष्टीपेक्षा ती वेगळी कशी. ‘उखळ’ सांगायचे असेल तर ‘हे स्वयंपाकघरातले जुने साधन आहे. यात धान्य किंवा मसाला कुटतात. पाट्यावर वाटतात तसे यात वाटत नाहीत.’ एवढ्यात काम होते. ओळखणाऱ्यांनी शब्दांचा भडिमार करू नये. उत्तर सांगण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘ते लाकडाचे असते का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आधीची तीन वाक्ये ऐकलेली असतात.

दुसरा खेळ पत्ता सांगण्याचा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे. एकाच्या हातात शनिपारापासून शनिवारवाड्यापर्यंतचा ढोबळ नकाशा असावा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने वाट सांगायची, दुसऱ्याने ती काढायची. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘असा’, ‘तिथून’ हे शब्द वर्ज्य. ही वाट सरळ आहे, बाजीराव रस्त्याने लक्ष्मी रस्ता ओलांडायचा, पुढे अप्पा बळवंत चौक लागतो आणि मग शनिवारवाडा; सुरुवातीला अशीच सरळ वाट घ्यावी आणि पुढे जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा या मंदिरांजवळच्या बोळांत शिरावे. ऐकणाऱ्याने प्रत्येक सूचना स्वतःच्या शब्दांत परत सांगायची आणि मगच रेघ ओढायची. खूण सांगताना ती आजही तिथे आहे का हे पाहावे. कधीच बंद पडलेल्या दुकानापासून डावीकडे वळायला सांगणारी माणसे या शहरात कमी नाहीत, आणि मुले ते त्यांच्याकडूनच शिकतात.

याच खेळात कोणाशी कसे बोलायचे हेही घालता येते, आणि ते घालावेच. पत्ता विचारणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळे माणूस समोर आहे असे समजायला सांगावे : रिक्षावाले काका, बाकावर बसलेल्या आजी, बरोबरीचा मित्र, चौकातले पोलीस. मित्राला ‘अरे, जरा सांग ना’, आजींना ‘आजी, जरा सांगता का?’ घरात हिंदी-इंग्रजी जास्त असलेली मुले ‘तुम्ही सांग’, ‘तुम्ही ये’ अशी सरमिसळ करतात. ‘तुम्ही’ म्हटले की ‘सांगा’, ‘या’, ‘बसा’ आलेच पाहिजे. नोकरीसाठी आलेल्या प्रौढांना तर हा भाग सर्वांत आधी द्यावा, कारण चुकीच्या शब्दापेक्षा चुकीचे ‘तू’ माणसाला जास्त लागते.

सावधान : मूल बोलत असताना मध्येच दुरुस्त करू नये. चूक कागदावर टिपावी आणि पाळी संपल्यावर तेच वाक्य आपण बरोबर करून सहज म्हणावे. ‘माझा पाणी सांडला’ असे मूल म्हणाले तर ‘अरेरे, तुझे पाणी सांडले का?’ एवढे पुरते.

वर्तमानपत्रातले शब्दकोडे ज्यांना आवडते त्यांनी जरूर सोडवावे, पण ते एकट्याचे आणि मूक काम आहे. त्यातून शब्द ओळखता येतो, बोलता येतोच असे नाही. मोबाइलवरच्या खेळांबद्दलही तेच.

टप्पा ७ : शब्द परत आणणे

एका पेटीचे चार कप्पे करावेत : रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा आणि महिन्याचा. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते. रात्री जेवणानंतर पाच मिनिटे त्या दिवशीच्या कप्प्यातली कार्डे काढावीत. मुलाने कार्डाची मागची बाजू न पाहता नवे वाक्य केले आणि लिंग बरोबर आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते. अडले तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. कार्डावर लिहिलेलेच वाक्य म्हणून दाखवले तर ते धरू नये, कारण ते पाठ झालेले असते.

रोजच्या कप्प्यात पंधरापेक्षा जास्त कार्डे साचू देऊ नयेत. साचली तर त्या आठवड्यात नवे शब्द घेऊ नयेत, फक्त खेळावे. परीक्षेच्या दिवसांत किंवा गणपतीत पेटी बंद राहिली तरी बिघडत नाही, पण उघडल्यावर सगळी कार्डे पुन्हा पहिल्या कप्प्यात टाकण्याची शिक्षा मुलाला करू नये. जिथे होती तिथूनच पुढे जावे.

महिन्याच्या कप्प्यातून कार्ड बाहेर कधी काढायचे, याची कसोटी पेटीत नाही. कोणी न विचारता, खेळाच्या बाहेर, मुलाने तो शब्द स्वतःहून बोलण्यात वापरलेला घरातल्या कोणी ऐकला की कार्डाच्या कोपऱ्यावर तारीख घालून ते बाजूला ठेवावे. हे ऐकण्याचे काम मोठ्यांचे आहे आणि त्यासाठी मोठ्यांनी ते शब्द घरात बोलले पाहिजेत. आईवडील ‘कट कर’ म्हणत असतील तर ‘चिरणे’चे कार्ड वर्षभर पेटीत राहील. एखादे कार्ड महिनाभर पहिल्याच कप्प्यात घुटमळत असेल तर मुलाला दोष देण्यापूर्वी तो शब्द गेल्या महिन्यात घरात कोणी उच्चारला होता का ते पाहावे. उच्चारला नसेल तर आठवडाभर तो मुद्दाम बोलण्यात आणावा, आणि तरीही तो कोणाच्याच तोंडी बसत नसेल तर ते कार्ड सरळ फाडून टाकावे आणि त्याच क्षेत्रातला दुसरा शब्द घ्यावा.